रस्ता कुणाच्या चालीनं बांधलाय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सपाटीवर दिवसाला ८०-९० किलोमीटर सायकल सहज होते. आता डोंगरातल्या जुन्या गावांना जोडणाऱ्या शांत रस्त्यांवरून चार-पाच दिवस जायचं आहे. रस्ता कसा निवडायचा, गिअर कोणता लावायचा, दिवसाला किती अंतर धरायचं आणि उताराची भीती कशी घालवायची?

प्रश्न चार दिसतात, पण माझ्या अनुभवात चारही एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. तो रस्ता मुळात कुणाच्या चालीसाठी बांधला, हे आधी ओळखायचं. पाठीवर ओझं घेतलेल्या खेचरासाठी, गाडी ओढणाऱ्या घोड्या-बैलांसाठी, की इंजिनासाठी? हे कळलं की चढ किती असेल, वाहनं किती असतील, गावात शिरल्यावर पायाखाली काय येईल आणि उतरताना ब्रेकचं काय होईल, याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो.

खेचराची वाट सरळसोट चढते. खेचराला पायऱ्या चालतात, अरुंद कडा चालते, ते डोंगराची सोंड धरून थेट वर जातं. गाडीवाटेचं तसं नसतं. भरलेली गाडी ओढणाऱ्या जनावराला सात-आठ टक्क्यांच्या (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सात-आठ मीटर वर) पलीकडचा लांबलचक चढ झेपत नाही, आणि उतरताना तीच गाडी त्याच्या अंगावर येते. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी चढ एकसारखा ठेवला आणि उंची गाठायला वळणांवर वळणं घातली. आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड पाहा. १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानीनं हा रस्ता बांधला. प्रातो गावाकडून सुमारे २५ किलोमीटरमध्ये तो १,८०० मीटरच्या आसपास चढतो, ४८ वळणं घेऊन, सरासरी साडेसात टक्क्यांच्या आत राहून. आकडे ऐकून छाती दडपते, पण चढताना एक लय सापडते आणि ती सुटत नाही. घोड्याच्या पायाला जमेल असं जे गणित तेव्हा मांडलं, ते सायकलवरच्या माणसाच्या पायालाही नेमकं बसतं.

तिसरा प्रकार फसवा. अलीकडच्या काळात एखाद्या वाडीपर्यंत जीप जावी म्हणून जुनी खेचरवाटच काँक्रीट करून टाकलेली असते. इंजिनाला पंधरा-अठरा टक्क्यांचा चढही चालतो, त्यामुळे वळणं घालायचा खर्च कुणी करत नाही. नकाशावर हा रस्ता सगळ्यात मोहक दिसतो: जवळचा, बारीक, दोन जुन्या गावांना जोडणारा, वाहनं नसलेला. पहिल्या काही सहलींत मी अशाच एका रस्त्याला भुललो होतो. अडीच किलोमीटरमध्ये ३०० मीटर उंची, म्हणजे सरासरीच बारा टक्के. सामान लादलेली सायकल मी जवळजवळ पूर्ण चढभर ढकलत नेली, काँक्रीटच्या आडव्या खाचांत बूट रोवत. वर पोचल्यावर दिसलं की सोंडेच्या पलीकडून सहा किलोमीटरची जुनी गाडीवाट त्याच गावात येते, पाच टक्क्यांनी, झाडांच्या सावलीतून. त्या दिवसापासून डोंगरातल्या जवळच्या रस्त्याकडे मी संशयानंच बघतो.

आता शांततेबद्दल. रस्ता शांत राहतो याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्याचं काम दुसऱ्या रस्त्यानं काढून घेतलेलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड खिंडीचं उदाहरण मी नेहमी देतो. एकोणिसाव्या शतकात बांधलेला त्रेमोला नावाचा दगडी फरसबंदीचा रस्ता आयरोलो गावातून २,१०६ मीटरवरच्या खिंडीत चढतो. आधी त्याच्या शेजारून रुंद खिंडरस्ता झाला, आणि १९८० साली जवळजवळ १७ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. घाई असलेली सगळी वाहनं बोगद्यात गेली, उरलेली बहुतेक रुंद रस्त्यावर, आणि वळणावळणांचा दगडी रस्ता सायकलवाल्यांच्या वाट्याला आला. जपानमध्ये नाकासेंदो या जुन्या राजमार्गावर ६९ टप्प्यांची गावं होती. त्यातलं त्सुमागो रेल्वे आणि नवा रस्ता दुसरीकडून गेल्यामुळे मागे पडलं, ओस व्हायला लागलं. पण त्याच कारणानं तिथली लाकडी घरं पाडून नवी बांधायची वेळ कुणावर आली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीला गावकऱ्यांनी ती जपायला घेतली. शांत रस्ता आणि जुनं गाव एकत्र सापडतात ते असे. ज्या घटनेनं रस्त्याची वर्दळ नेली, तिनंच गावाचं जुनेपण राखलं.

म्हणून नकाशा उघडला की मी आधी बोगदे शोधतो. बोगद्याच्या तोंडाशी डोंगराला वळसा घालणारी बारीक रेघ दिसली की तिथं बोट ठेवायचं. तो जुना रस्ता अजून उघडा आहे का, दरड कोसळून बंद तर नाही ना, एवढंच मग तपासायचं राहतं. दुसरी कसोटी: या दोन गावांमध्ये जायला याहून वेगवान रस्ता आहे का? असेल तर हा शांत असणार. नसेल तर रस्ता कितीही बारीक असला तरी दूधगाडीपासून ट्रकपर्यंत सगळे तिथूनच जाणार. आणि प्रसिद्धी हा शांततेचा शत्रू आहे, हे मनाशी पक्कं करा. उन्हाळ्यातल्या दुपारी स्टेल्व्हिओवर मोटरसायकलींची रांग असते. त्याच काळात, त्याच पद्धतीनं बांधलेले, पण नाव नसलेले घाट जवळपास असतात, ते घ्या. प्रसिद्ध घाट करायचाच असेल तर उजाडताना सुरुवात करा. उंचावर उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस यायची शक्यता जास्त असते, त्यामुळे लवकर निघण्याचा दुहेरी फायदा होतो.

चढ किती आहे ते सरासरीवरून ठरवू नका. दहा किलोमीटरला पाच टक्के सरासरी म्हणजे मधे तीन किलोमीटर नऊ टक्क्यांचे आणि एखादा उतारही असू शकतो. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्या. रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा असतील आणि एक किलोमीटरच्या रस्त्यानं अशा पाच रेषा ओलांडल्या, तर तो दहा टक्क्यांचा चढ. अ‍ॅपवरच्या आलेखात कधी कधी भिंतीसारखा सुळका दिसतो. घाबरण्याआधी तिथं बोगदा आहे का बघा, कारण अ‍ॅप बोगद्यातल्या रस्त्याची नव्हे, वरच्या डोंगराची उंची मोजत असतं. अरुंद दरीच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यांवरही ही चूक होते.

सरळ रेषेतल्या अंतरावरही विसंबू नका. ग्रीसमधल्या झागोरी भागात डोंगरात विखुरलेली दगडी गावं आहेत. २०२३ साली तो परिसर जागतिक वारसा यादीत आला. गावांना जोडणाऱ्या दगडी पायवाटा आणि कमानीचे पूल माणसांसाठी आणि खेचरांसाठी होते. डांबरी रस्ते नंतर आले आणि त्यांना दऱ्या टाळाव्या लागल्या. मोनोडेंड्री आणि पापिंगो ही गावं नकाशावर शेजारी वाटतात, पण मधे व्हिकोसची दरी आहे आणि सायकलला तिला मोठा वळसा घालावा लागतो.

गिअरचा हिशेब इथं सविस्तर मांडतो, कारण सपाटीवरून येणारे सगळ्यात जास्त इथंच चुकतात. तुम्ही, सायकल आणि थोडं सामान मिळून ८५ किलो धरू. दिवसभर टिकेल असा जोर १५० वॉट धरू. सात टक्क्यांच्या चढावर या जोरात वेग मिळतो ताशी आठ किलोमीटरच्या आसपास. पुढची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी चकतीही ३४ दातांची असेल, तर पाय मिनिटाला ६५ फेरे मारतील. ठीक आहे, चालेल. पण चढ बारा टक्के झाला की वेग पाचवर येतो आणि फेरे चाळिशीच्या खाली जातात. मग प्रत्येक फेरा गुडघ्यावर तोलावा लागतो. हे एकदा चालतं, चार दिवस नाही. पुढे २६ आणि मागे ३६ दात लावले तर त्याच बारा टक्क्यांवर पाय ५४ फेऱ्यांनी फिरतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. त्यात सामान आणखी १५ किलोंनी वाढलं, तर त्याच जोरात चढायला सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागणार. सायकलच्या दुकानात कुणी म्हणालं की इतका हलका गिअर लागत नाही, तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

हलका गिअर म्हणजे कमीपणा, ही समजूत फार जुनी आहे. टूर द फ्रान्स शर्यत १९१० साली पहिल्यांदा पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींत गेली. त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव्ह लापीझही तुर्मालेच्या २,११५ मीटरवरच्या खिंडीत सायकल हातात धरून काही अंतर चालला होता. शर्यतीचे सूत्रधार आंरी देग्रांज यांचा गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला विरोध होता आणि ती शर्यतीत आली ती थेट १९३७ साली. त्याच्या कितीतरी आधी सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) डोंगरात फिरणाऱ्यांनी अनेक गिअर वापरावेत म्हणून लिहीत होते, स्वतः चढून दाखवत होते. भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या, हा त्यांचा सल्ला आजही जसाच्या तसा घ्यावा. ८५ किलो वजन १,००० मीटर वर न्यायला साधारण ८३४ किलोज्यूल काम लागतं. शरीर खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे एवढ्या चढाला ८०० किलोकॅलरीच्या आसपास खर्च होतात. खिशात काहीतरी असू द्या आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं तोंडात टाका. पाय एकदा गळाले की मग खाऊन लगेच उपयोग होत नाही.

दिवस किलोमीटरवर मोजायचं सोडून द्या. मी असा मोजतो: अंतराला ताशी २० किलोमीटर, आणि त्यावर चढाईच्या दर १०० मीटरला दहा मिनिटं. म्हणजे ६० किलोमीटर आणि १,४०० मीटर चढाई असेल तर तीन तास अधिक दोन तास वीस मिनिटं. यात थांबणं धरलेलं नाही, आणि जुन्या गावांच्या वाटेवर थांबायचंच असतं. सपाटीवर ८०-९० किलोमीटर करणाऱ्यानं सुरुवातीला ५० किलोमीटर आणि ९०० ते १,००० मीटर यापुढे जाऊ नये असं मला वाटतं. चढाची पहिली पंधरा-वीस मिनिटं मुद्दाम रेंगाळत काढा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. रस्ता रिकामा असेल आणि वरून येणारं वाहन दिसू शकत असेल, तर वळणावर बाहेरच्या बाजूनं चढा, कारण वळणाचा आतला कोपराच सगळ्यात उभा असतो.

आता गावं. मी जुन्या गावाच्या वेशीशी सायकलवरून उतरतो आणि चालत जातो, यात मला अपवाद नको असतो. एक कारण साधं आहे. उंबरे थेट रस्त्यावर उघडतात, पोरं आणि म्हातारी माणसं वाहनाच्या आवाजाला सरावलेली असतात, आणि सायकल आवाज न करता येते. दुसरं म्हणजे पाय झिजवून गुळगुळीत झालेले दगड ओले असतील तर बारीक टायर हमखास घसरतो. पण खरं कारण असं की रस्त्याची गोष्ट गावातच लिहिलेली असते आणि ती चालतानाच वाचता येते. घरांच्या कोपऱ्यांशी जमिनीत पुरलेले तिरपे दगड दिसले, तर इथून गाड्या जायच्या. चाकाचा तुंबा भिंतीला घासू नये म्हणून ते बसवलेले असतात. भिंतीत लोखंडी कड्या दिसल्या तर इथं जनावरं बांधायचे. गल्लीत रुंद, बुटक्या पायऱ्या असतील तर ती खेचराची वाट, आणि पुढचा रस्ता तसाच गेला असेल तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. घाटाच्या पायथ्याचं गाव बहुधा मोठं असतं, कारण तिथं ओझी उतरायची, जनावरं बदलायची, माणसं मुक्काम करायची. बाजूच्या गावांची बैठक वेगळी. ती वाटेसाठी नाही, उन्हासाठी आणि झऱ्यासाठी वसलेली असतात. स्वित्झर्लंडच्या एंगादीन खोऱ्यातलं ग्वार्दा हे गाव दरीच्या तळाला नाही, तळाच्या वर, उन्हाच्या बाजूच्या टप्प्यावर बसलेलं आहे. नक्षी कोरलेल्या गिलाव्याच्या घरांसाठी ते ओळखलं जातं आणि जतनासाठी १९७५ साली त्याला वाकर पुरस्कार (जुनी वास्तू जपणाऱ्या गावांना मिळणारा स्विस पुरस्कार) मिळाला. मोठा रस्ता खालून गेला, गाव वरच राहिलं. अशा गावाला जायला शेवटचा चढ वेगळा चढावा लागतो. दिवसाच्या हिशेबात तो आधीच धरा, म्हणजे संध्याकाळी खालूनच बघून पुढे जावं लागणार नाही.

गावाबाहेर मेंढरांचा कळप आडवा आला तर थांबा, कळपाला तुमच्याभोवतीनं जाऊ द्या. राखणीचा कुत्रा धावून आला तर पायडल मारून पळू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मधे धरा, हळू आवाजात बोलत कळपापासून लांब चालत राहा. कळपाला तुमच्यापासून धोका नाही एवढं त्याला पटलं की तो बहुधा परत फिरतो.

टायरबद्दल थोडक्यात: ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३५-३८ उत्तम. ८५ किलोंना ३५ च्या टायरमध्ये ५० पीएसआयच्या (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते. टणक फुगवलेला टायर फरसबंदीवर उड्या मारतो आणि पकड सोडतो.

उताराची भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे, ती घालवायची नाही, तिला काम द्यायचं. ८५ किलो वजन १,००० मीटर खाली येतं तेव्हा चढताना घातलेली तेवढीच ८३४ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. अडीच लिटर पाणी उकळायला लागेल इतकी ही उष्णता आहे. घाबरलेला माणूस ताशी पंधरा-अठराच्या वेगानं सतत ब्रेक धरून उतरतो, तेव्हा यातली बहुतेक उष्णता ब्रेकमध्येच जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी असलेल्या चकतीला दाबणारा) असेल तर पॅडची पकड मंदावते. सरळ तुकड्यावर सायकल सुटू द्या, हवेला तिचा वाटा घेऊ द्या. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा आणि वळणात शिरताना सोडा. बाहेरचा पाय खाली, वजन त्या पायावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. सलग उभा उतार असेल तर थांबून पाच मिनिटं ब्रेक गार होऊ द्या, आणि डिस्कला बोट लावून बघू नका.

एकपदरी रस्त्यावर वेगाची मर्यादा माझ्यासाठी एकच आहे: जितकं पुढचं दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला उरलेलं निम्मं लागणार. आठ टक्क्यांच्या कोरड्या उतारावर ताशी ४० नं जाताना, दचकण्याचा एक सेकंद धरून, थांबायला सुमारे २६ मीटर लागतात. ताशी २० ला नऊ-दहा पुरतात. आंधळ्या वळणावर वीस मीटरच दिसत असेल तर विसाच्या वर जायचं नाही. ओली पानं, शेण, वळणाच्या आत साठलेली खडी आणि पाण्याच्या निचऱ्याच्या लोखंडी जाळ्या यांवर ब्रेक लावायचा नाही, सरळ जायचं. बोगद्याआधी गॉगल काढायचा, पुढचा-मागचा दिवा लावायचा.

यातूनच दिशेचा प्रश्न सुटतो. एका बाजूला उभा, अरुंद, दगडी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला मोकळा डांबरी असेल, तर दगडी बाजूनं चढा आणि डांबरी बाजूनं उतरा. बरेच लोक उलट करतात, चढ सोपा जावा म्हणून. पण ताशी सहा किलोमीटरनं चढताना दगड त्रास देत नाहीत, भिंती, कुंपणं, कोरीव दारं नीट दिसतात. तोच रस्ता उतरताना हात बधिर होतात, ब्रेक तापतात आणि गाव नुसतं मागे पडतं. त्रेमोला आयरोलोकडून चढायचा, तो याचसाठी.

खिंडीत पोचल्यावर घाम गार व्हायच्या आत वारारोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं आणि उतरताना वारा त्यात भर घालतो. बोटं आखडली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. पहिल्या दिवसासाठी ४० किलोमीटर, ७०० मीटर चढाई आणि एकच जुनी गाडीवाट एवढंच ठेवा. मुक्कामाचं गाव चढ संपतो तिथलं निवडा, म्हणजे उतार दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या हातांनी आणि रिकाम्या रस्त्यावर मिळेल.